सिलीगुडीत दाखल झालेला गुन्हा नाशिकला आणता येईल का?

वाचकाचे पत्र : पिंपळगाव बसवंतजवळ आमचे द्राक्षांचे लहान पॅकहाऊस आहे. फर्म भागीदारीची असून माझी पत्नी कागदोपत्री भागीदार आहे. गेल्या नोव्हेंबरात सिलीगुडीच्या एका व्यापाऱ्याशी फोनवर सौदा ठरला. त्याने दोन हप्त्यांत ११ लाख रुपये उचल पाठवली. फेब्रुवारीत ७ लाखांच्या मालाच्या दोन गाड्या मी त्याला पोहोचवल्या. नंतर त्याच्याकडून आणखी ४ लाख आले. मार्चमध्ये गारपीट झाली, बागा गेल्या. पुढचा माल देता आला नाही आणि ८ लाख परतही करता आले नाहीत. त्या दिवसांत तो सारखा फोन करत होता, म्हणून त्याला धीर यावा यासाठी मी 'गाडी निघाली' असा मेसेज आणि जुन्या गाडीचा फोटो पाठवला होता. आता तिकडे आम्हा दोघांवर फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला असून व्हॉट्सॲपवर पोलिसांची नोटीस आली आहे. मेहुणे म्हणतात, मुंबईला जाऊन थेट गुन्हाच रद्द करून घ्या. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, सुप्रीम कोर्टातून केस नाशिकला वर्ग करून मिळते, खर्च तेवढा करावा लागेल. आम्ही काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते ओळखीचेच वाटले, फक्त बाजू उलटी होती. एरवी परराज्यातला व्यापारी माल उचलून पसार होतो आणि निफाड-दिंडोरीचा शेतकरी पोलीस ठाण्यात खेटे घालतो. दुसऱ्या वाचनात मात्र माझी नजर 'गाडी निघाली' या दोन शब्दांवर अडली आणि तिथून हलेना. त्या शब्दांकडे सविस्तर येणारच आहे, पण आधी ज्याची घाई आहे ते पाहू.

घाई गुन्हा रद्द करण्याची नाही, अटक टाळण्याची आहे. तुम्हाला आलेली नोटीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालील असावी. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी अशी नोटीस द्यावी, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात घालून दिला आहे. नोटिशीप्रमाणे सहकार्य करणाऱ्याला अटक करायचीच असेल, तर तशी गरज का आहे याची कारणे पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात. अशी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे म्हणजे कायदेशीर बजावणी नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु एवढ्या आधारावर 'आम्हाला नोटीस मिळालीच नाही' असे म्हणत घरी बसू नका, कारण मेसेजखाली निळ्या खुणा उमटलेल्या आहेत आणि उद्या न्यायाधीशांसमोर तुमच्या वर्तनाचा हिशेब होईल तेव्हा तांत्रिक मुद्द्यापेक्षा त्या खुणाच जास्त बोलतील. वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने उत्तर पाठवा, मुदत मागा, सुरुवातीची चौकशी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने करावी अशी विनंती करा आणि प्रत्येक पोचपावती जपून ठेवा.

त्याच वेळी नाशिकच्या सत्र न्यायालयात ट्रान्झिट अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. गुन्हा दुसऱ्या राज्यात दाखल असला, तरी आरोपी जिथे राहतो तिथले सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय त्याला मर्यादित काळापुरते असे संरक्षण देऊ शकते, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात दिला. तिथल्या तपासी अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना अर्जाची सूचना द्यावी लागते, आणि थेट तिकडच्या न्यायालयात लगेच जाणे का शक्य नाही हे पटवून द्यावे लागते. मिळणारा अवधी थोडाच असतो. तो संपण्यापूर्वी नियमित अटकपूर्व जामिनासाठी तिकडचे न्यायालय गाठावे लागेल, हे मनाशी धरूनच चाला.

इथे कलमांच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आणि आकड्यांची अदलाबदल झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार, ज्याखाली गुन्हा रद्द करण्याचे अर्ज होत. तो आता कलम ५२८ मध्ये गेला आहे. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ मध्ये होता. त्यामुळे सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात कोणी 'फोर एटी टू टाकून देऊ' असे म्हणाले, तर नव्यातले की जुन्यातले, हे विचारल्याशिवाय मान डोलावू नका. तुमचे मेहुणे आणि तुमचे वकील एकच आकडा उच्चारून दोन वेगळ्या गोष्टी बोलत असण्याची शक्यता चांगलीच आहे.

आता मूळ प्रश्न. गुन्हा रद्द होईल का?

वकील मंडळी ज्याला 'क्वॉशिंग' म्हणतात, त्यात उच्च न्यायालय साक्षीपुरावे तपासत बसत नाही. फिर्यादीत लिहिलेले सगळे क्षणभर खरे मानले, तरी त्यातून गुन्हा उभा राहतो का, एवढेच पाहिले जाते. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात गुन्हा कधी रद्द करता येतो याचे सात प्रकार दिले आहेत, ते आजही याच कामासाठी वाचले जातात. व्यवहारातला वाद आणि फसवणूक यांच्यातील रेष सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या निकालात आखली आहे : पैसे घेताना, म्हणजे सौद्याच्या सुरुवातीलाच, फसवण्याचा हेतू होता काय? नंतर शब्द पाळता आला नाही, एवढ्यावरून तो हेतू गृहीत धरता येत नाही.

या कसोटीवर तुमच्याकडे भक्कम पुरावा आहे आणि तो म्हणजे त्या दोन गाड्या. लुबाडायचेच असते तर ११ लाख घेऊन ७ लाखांचा माल कोणी सिलीगुडीला पाठवला नसता. तेव्हा त्या गाड्यांच्या बिल्ट्या, काटापावत्या, ट्रान्सपोर्टची बिले, माल मिळाल्याचे त्याचे मेसेज, त्या महिन्यात बागायतदारांना तुम्ही दिलेली रक्कम, गारपिटीनंतरचे पंचनामे, हे सगळे तारखेच्या क्रमाने लावा. गारपीट झाली हे तोंडी सांगून भागणार नाही. ज्या बागांचा माल त्याला जायचा होता, त्याच गटांचे पंचनामे हवेत.

विश्वासघाताचे कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे ३१६, तुमच्या प्रकरणात माझ्या मते लंगडे आहे. त्यासाठी मालमत्ता तुमच्याकडे विश्वासाने सोपवलेली असावी लागते. खरेदीदाराने मालापोटी दिलेली उचल ही ठेव नसून किमतीचा भाग असतो. शिवाय सुरुवातीपासून कपट होते आणि विश्वासाने सोपवलेले नंतर लाटले, ही दोन्ही विधाने एकाच व्यवहाराबद्दल एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात पोलीस आणि खालच्या न्यायालयांना बऱ्याच कडक शब्दांत सुनावले. तेही उधारीचेच प्रकरण होते, घोड्यांच्या खाद्याच्या थकलेल्या बिलांचे.

इथवर वाचून तुम्हाला हायसे वाटले असेल, तर आता 'गाडी निघाली' कडे येऊ. तुमच्या पत्रात एक गोष्ट सांगितलेली नाही आणि सारे प्रकरण तिच्यावरच टेकलेले आहे : तो मेसेज आधी गेला, की ते ४ लाख आधी आले?

बँकेचा खातेउतारा काढा आणि आरटीजीएसच्या त्या नोंदीची नुसती तारीख पाहू नका, यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराच्या ओळख क्रमांकावरून बँकेकडून वेळही घ्या. मग फोनमधला तो मेसेज उघडा, त्यावर बोट दाबून धरा आणि माहितीच्या पर्यायात जा. तो कधी पोहोचला आणि कधी वाचला गेला, हे तिथे मिनिटासह दिसते.

पैसे आधी आलेले असतील आणि मेसेज नंतरचा असेल, तर ती तगादा लावणाऱ्या माणसाला मारलेली थाप ठरते. थाप वाईटच, पण त्या थापेने त्याच्या खिशातून रुपया निघालेला नाही. फिर्यादीचे वकील म्हणतील की त्या मेसेजमुळे तो वसुलीपासून थांबला आणि त्याचे नुकसान झाले. फसवणुकीच्या व्याख्येत तशा युक्तिवादाला जागा आहे, पण तो तोकडा पडेल असे मला वाटते. याउलट, मेसेज आणि जुना फोटो सकाळी गेला असेल आणि दुपारी ४ लाख जमा झाले असतील, तर चित्र पालटते. खोटे सांगणे, त्यावर विसंबून समोरच्याने पैसे देणे आणि सांगणाऱ्याला ते खोटे असल्याचे ठाऊक असणे, हे फसवणुकीचे तिन्ही घटक त्या एका दिवसात भरतात. ११ लाखांच्या बाबतीत तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला, तरी ४ लाखांच्या बाबतीत 'फिर्याद खरी मानली तरी गुन्हा होत नाही' असे कोणताही न्यायाधीश म्हणणार नाही, आणि गुणवत्तेवर केलेला अर्ज तिथेच पडेल. पडलेल्या अर्जातील न्यायालयाची निरीक्षणे पुढे जामिनाच्या वेळी आणि तडजोडीच्या टेबलावरही तुमच्या विरोधात वाचली जातात, म्हणून असा अर्ज करून पाहू, झाला तर झाला, हा विचार महागात पडतो.

मेसेज पुसून टाकण्याचा मोह झाला असेल, किंवा कोणी तसे सुचवले असेल, तर ते करू नका. त्याच्या फोनमध्ये तो आहेच, आणि पुरावा नाहीसा करणे हा न्याय संहितेच्या कलम २३८ खालचा वेगळा गुन्हा आहे. तुमच्या बाजूचे मेसेज न्यायालयात वापरायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागेल, तेव्हा तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.

अर्ज करायचाच झाला तर कोठे? मेहुणे मुंबई म्हणतात, कारण नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाखाली येतो आणि सकाळची पंचवटी एक्सप्रेस सोयीची आहे. पण गुन्हा पश्चिम बंगालमधला आहे आणि कलम ५२८ चा अधिकार उच्च न्यायालयाला आपल्याच हद्दीत वापरता येतो. संविधानाच्या अनुच्छेद २२६(२) खाली मात्र वाट आहे : वादाचे कारण अंशतः जरी आपल्या हद्दीत घडले असेल, तरी उच्च न्यायालय याचिका ऐकू शकते. नवीनचंद्र माजिठिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००० सालच्या प्रकरणात फिर्याद मेघालयात, शिलाँगला दाखल झालेली होती आणि व्यवहार मुंबईतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने हद्दीच्या कारणावरून याचिका फेटाळली, ती चूक होती असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि पुढचा तपास मुंबई पोलिसांकडे सोपवला. हा निकाल तुमचे वकील नक्की दाखवतील. दाखवू द्या, पण त्या प्रकरणात जवळजवळ सगळे काही मुंबईत घडले होते ना, हे त्यांना विचारा. तुमच्याकडे पैसे सिलीगुडीहून निघाले, मेसेज सिलीगुडीत वाचले गेले आणि माल सिलीगुडीत उतरला. मुंबईचे न्यायालय 'योग्य त्या न्यायालयात जा' असे म्हणेल ही शक्यता मी मोठी मानतो, आणि तोवर आरोपपत्र दाखल होऊन न्यायालयाने दखल घेतली, तर हा रस्ता आणखी अरुंद होईल. सिलीगुडीसाठी कलकत्ता उच्च न्यायालयाचे जलपैगुडी येथे सर्किट बेंच आहे. अर्ज तिथे करावा, असे माझे मत आहे. आरोपपत्र आले म्हणून रद्द करण्याचा अर्ज बाद होत नाही, हे आनंदकुमार मोहट्टा प्रकरणात २०१८ साली ठरलेले आहे. म्हणजे त्या एका कारणासाठी धावपळ करण्याची गरज नाही. तपास चालू असताना 'कठोर कारवाई करू नये' असे अंतरिम आदेश सहजासहजी देऊ नयेत, अशी ताकीद सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात उच्च न्यायालयांना दिली आहे. तेव्हा अर्ज दाखल झाला की पोलीस थांबतील, हा समजही सोडून द्या.

आता त्या ओळखीच्या गृहस्थांचा सल्ला. एका राज्यातील फौजदारी न्यायालयातून दुसऱ्या राज्यातील न्यायालयात खटला वर्ग करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे. पूर्वी तो कलम ४०६ मध्ये होता, आता ४४६ मध्ये आहे. मात्र तो खटल्यासाठी आहे, तपासासाठी नाही. पोलिसांचा तपास एका ठाण्याकडून दुसऱ्याकडे देण्याची मुभा हे कलम देत नाही, असे रामचंदर सिंग सागर प्रकरणात १९७८ सालीच ठरले. एकाच प्रसारणावरून अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले तेव्हा पत्रकार अर्णब गोस्वामी यांच्यावरील नागपूरचा गुन्हा २०२० मध्ये मुंबईला आणला गेला, ही गोष्ट खरी, पण तिथे न्यायालयाने आपले घटनात्मक अधिकार वापरले होते आणि प्रश्न अनेक गुन्ह्यांचा होता. तुमच्यावर एकच गुन्हा आहे आणि अजून आरोपपत्रही नाही. आज वर्ग करण्यासारखा खटलाच अस्तित्वात नसताना ते गृहस्थ 'खर्च' नेमका कशाचा सांगत आहेत, हे त्यांनाच लेखी मागा.

पुढे खटला उभा राहिला, तरी हद्दीचा मुद्दा तुमच्या बाजूने फारसा नाही. 'सौदा नाशिकला ठरला, माल नाशिकचा, म्हणून खटला नाशिकलाच' हे ऐकायला बरे वाटते. पण फसवणूक पत्राने किंवा इलेक्ट्रॉनिक संदेशाने झाल्याचा आरोप असेल, तर संदेश जिथून पाठवला आणि जिथे मिळाला, तसेच मालमत्ता जिथे दिली आणि जिथे स्वीकारली, यांपैकी कोणत्याही ठिकाणी खटला चालू शकतो, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २०२ सांगते. म्हणजे नाशिक चालेल, आणि सिलीगुडीही चालेल. हद्दीचा वाद पुराव्यावर ठरणारा असतो, तो खटल्याच्या न्यायालयातच उपस्थित करावा, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये कौशिक चॅटर्जी विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणातील वर्ग करण्याच्या याचिका फेटाळल्या होत्या. लांब पडते, भाषा समजत नाही, ही कारणे मनाला पटणारी आहेत. परंतु मेनका गांधी विरुद्ध राणी जेठमलानी या १९७९ च्या निकालापासून एकच प्रश्न विचारला जातो की, तिथे निष्पक्ष सुनावणी मिळणार नाही असे काही ठोस आहे का? नुसती गैरसोय पुरत नाही. गैरसोयीसाठी व्यक्तिशः हजेरीतून सूट मागणे हा साधा आणि स्वस्त उपाय आहे.

तुमच्या पत्नीचे प्रकरण मात्र तुमच्यापासून वेगळे करा, आणि ते आजच करा. भागीदाराच्या कृत्यासाठी दुसऱ्या भागीदाराला फौजदारी जबाबदार धरायचे, तर कायद्यात तशी स्पष्ट तरतूद असावी लागते. फसवणुकीच्या कलमात ती नाही. त्यांनी त्या व्यापाऱ्याशी एकदाही बोलणे केले नसेल, एकही मेसेज पाठवला नसेल, चेकवर वा बँकेच्या व्यवहारावर त्यांची सही नसेल, तर गुन्हा रद्द करण्याचा त्यांचा स्वतंत्र अर्ज तुमच्यापेक्षा कितीतरी बळकट आहे. दोघांचा एकत्र अर्ज केला की तुमच्या मेसेजचे ओझे त्यांच्याही अर्जावर येते. वकीलपत्र वेगळे, शक्य असल्यास वकीलही वेगळे. आधी एक खात्री करा : फर्मच्या खात्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येत होता? घरोघरी हे असेच असते, नाव एकाचे आणि नंबर दुसऱ्याचा, आणि तपासात नेमके तेच अंगावर येते.

शेवटी पैशाबद्दल. गारपीट तुमच्यावर आली हे खरे, पण त्यामुळे ८ लाख तुमचे होत नाहीत. करार निष्फळ ठरला असे धरले, तरी घेतलेला लाभ परत करावा, हे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ६५ सांगते. मेसेज पैशांच्या आधीचा निघाला, तर माझ्या मते तडजोड हाच तुमचा मुख्य मार्ग आहे. ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१२ च्या निकालानंतर व्यापारी स्वरूपाच्या वादात दोन्ही पक्षांची खरीखुरी तडजोड झाल्यास उच्च न्यायालय गुन्हा रद्द करते, आणि त्यासाठी फिर्यादीचे प्रतिज्ञापत्र लागते. मेसेज नंतरचा निघाला तरीही ८ लाखांचे देणे उरतेच, फक्त बोलणी करताना तुमची मान ताठ राहील. निम्मी रक्कम प्रथम आणि उरलेली पुढच्या हंगामापर्यंत, असा प्रस्ताव वकिलामार्फत लेखी द्या, गुन्हा मान्य नसल्याचे त्यात स्पष्ट लिहा आणि रोख रक्कम कोणाच्याही हाती देऊ नका. पैसे बँकेतूनच जाऊ द्या. 'सिलीगुडीला आपला माणूस आहे, तो मिटवून देईल' असे सांगणारे तुम्हाला या आठवड्यातच भेटतील, त्यांना नमस्कार करून वाटेला लावा.

वकिलांकडे जाल तेव्हा मोठी फाइल मागाहून उघडा. एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून न्या, एकीत ४ लाख जमा झाल्याची तारीख आणि वेळ, दुसरीत 'गाडी निघाली' ची तारीख आणि वेळ, आणि त्यांनी विचारण्याआधी तो कागद स्वतःहून पुढे करा.